बागेंत खणणारा मठाधिपति : राडोनेझचा सर्गियस

रशिया देशांतील मॉस्को शहराच्या ईशान्येस सुमारें ७० किलोमीटरांवर सर्गियेव्ह पोसाद नांवाचें एक गांव आहे. आगगाडीनें तेथें उतरून थोडें चालत गेलें कीं एका उंचवट्यावर जाड तटबंदीचा एक विस्तीर्ण मठ दृष्टीस पडतो. तटाच्या आंत निळ्या घुमटांवर सोनेरी तारे असलेलें एक मोठें उपासनामंदिर आहे, आणि ८८ मीटर उंचीचा घंटेचा मनोरा आहे. नवख्या माणसाची नजर पहिल्यानें ह्या दोहोंकडे जाते. परंतु यात्रेकरूंची रांग लागलेली असते ती तेथें नव्हे. एका बाजूस पांढऱ्या दगडाचें, एकाच सोनेरी घुमटाचें, लहानसें मंदिर आहे; म्हाताऱ्या बायका, शिपाई, विद्यार्थी, लेंकरें घेतलेल्या आया अशीं सर्व माणसें त्याच्या दाराशीं उभीं असतात. आंत अंधार असतो. मेणबत्त्यांच्या उजेडांत हळू आवाजांत गायन चाललेलें असतें. भिंतीपाशीं रुप्याच्या पेटींत एका मनुष्याच्या अस्थि ठेविल्या आहेत. रांगेंतील प्रत्येक जण तेथें येऊन वांकतो आणि पुढें जातो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीची ही रीत आहे. अस्थींपुढें वांकणें आपणां प्रॉटेस्टंट लोकांच्या शिकवणींत बसत नाहीं, व ह्या लेखाचा हेतु त्याविषयीं वाद करण्याचा नाहीं. परंतु ज्या मनुष्याला जाऊन सहाशें वर्षांहून अधिक काळ लोटला, त्याच्या दाराशीं लोक अजून कां येतात, हें विचारणें योग्य आहे. त्यानें राज्य जिंकलें नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं, आणि बिशपाचें पद देऊं केलें असतां तें घेतलें नाहीं. त्याचें नांव राडोनेझचा सर्गियस.

प्रिय वाचकहो, हा मठ आपल्यापासून फार दूर आहे खरा. तरी आपल्या मुलखाची एक आठवण त्याच्या पुस्तकालयांत पुष्कळ काळ पडून होती. १५ व्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी समुद्रमार्गानें चौल बंदरीं उतरला, घाट चढून जुन्नरास गेला आणि तेथें त्यानें पावसाळा काढला. त्या प्रवासाची हकीकत त्यानें लिहून ठेविली होती. तिची एक जुनी नक्कल १९ व्या शतकाच्या आरंभीं करमझीन नांवाच्या इतिहासकारास ह्याच मठाच्या पुस्तकालयांत सांपडली. चौल व जुन्नर हीं नांवें अशा रीतीनें त्या थंड देशांतील मठवाशांनीं जपून ठेविलीं. तेव्हां त्या मठाच्या संस्थापकाची ओळख करून घेणें आपणांस अगदींच परकें वाटूं नये.

सर्गियसाचा जन्म १४ व्या शतकाच्या आरंभीं रोस्तोव्ह शहराजवळ झाला. आईबापांनीं त्याचें नांव बर्थलमय ठेविलें होतें. बापाचें नांव किरिल व आईचें मरीया. थोरला भाऊ स्तेफन आणि धाकटा पेत्र. किरिल हा मानकरी होता, परंतु काळ फार वाईट होता. १२३७ ते १२४० ह्या वर्षांत मोगल तार्तारांनीं रशियाचीं शहरें जाळून टाकिलीं होतीं, आणि तेव्हांपासून तेथील राजे त्यांचे मांडलिक झाले होते. खंडणी भरावयाची, तार्तार खानाच्या दरबारीं खेटे घालावयाचे, आणि तितकें करूनहि टोळधाड केव्हां येईल ह्याचा नेम नाहीं, अशी प्रजेची स्थिति होती. त्यांत दुष्काळ. ह्या सर्वांत किरिलाचें घर बसलें. अखेर तें कुटुंब गांव सोडून मॉस्कोच्या मुलखांत राडोनेझ नांवाच्या लहान गांवीं येऊन राहिलें. त्या गांवावरूनच सर्गियसाला पुढें राडोनेझचा असें म्हणूं लागले.

लहानपणीं बर्थलमयाला वाचावयास येईना. दोन्ही भाऊ भराभर शिकले, परंतु ह्याला अक्षर लागेना. गुरुजी रागें भरत, आईबाप समजावीत, सोबती हंसत. तो एकटाच रडून देवाजवळ प्रार्थना करी. त्याचा चरित्रकार एपिफानियस हा त्याच्याच मठांतला होता. सर्गियसाच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनीं त्यानें हें चरित्र लिहिलें. तो सांगतो कीं, एके दिवशीं बापानें मुलाला घोडे शोधावयास रानांत पाठविलें असतां एका झाडाखालीं एक वृद्ध मठवासी प्रार्थना करीत असलेला त्याला दिसला. मुलगा थांबला. काय पाहिजे असें त्या वृद्धानें विचारलें, तेव्हां त्यानें खेळणें मागितलें नाहीं. वाचतां यावें एवढेंच मागितलें. त्या दिवसापासून त्याला वाचूं येऊं लागलें असें चरित्रकार म्हणतो. कथेंतील चमत्काराविषयीं कोणीं कांहीं म्हणो. ज्या मुलाला सर्व मंद म्हणत होते त्यानें अक्षराची आशा सोडली नाहीं, एवढें तींतून दिसतें. आपल्या गांवांतल्या शाळांतून मागच्या रांगेंत बसणारीं असलीं मुलें पुष्कळ आहेत.

तरुण झाल्यावर त्याला वाटूं लागलें कीं आपण सर्व सोडून एकान्तांत देवाची सेवा करावी. आईबापांनीं त्याला अडविलें नाहीं, परंतु एक विनंति केली. इतर मुलांचीं लग्नें होऊन तीं आपापल्या संसारांत होतीं. आपण म्हातारीं झालों आहों, आपल्याला मूठमाती देईपर्यंत थांब, असें त्यांनीं सांगितलें. बर्थलमय थांबला. वर्षें गेलीं. देवाच्या सेवेचें निमित्त सांगून त्यानें आईबापांची सेवा टाकिली नाहीं. शेवटीं तीं दोघेंहि जवळच्या खोत्कोवो येथील मठांत जाऊन राहिलीं, आणि तेथेंच वारलीं. त्यांना पुरल्यावर त्यानें आपल्या वांट्याची जिंदगी धाकट्या पेत्राला दिली, आणि मग तो निघाला.

थोरला स्तेफन ह्याची बायको निवर्तली होती व तो खोत्कोवो येथें मठवासी झाला होता. बर्थलमयानें त्याची आर्जवें करून त्याला बरोबर घेतलें. दोघे भाऊ दाट अरण्यांत शिरले. राडोनेझपासून कांहीं कोसांवर माकोवेत्स नांवाची टेंकडी होती. तेथें रस्ता नव्हता, वस्ती नव्हती. त्यांनीं कुऱ्हाडीनें झाडें तोडिलीं, ओंडके खांद्यावर वाहिले, एक झोंपडी बांधिली आणि एक लहानसें लांकडी मंदिर उभारलें. त्या मंदिराला पवित्र त्रैक्याचें नांव दिलें. आज जेथें तो मोठा मठ आहे, त्याचा आरंभ हा एवढाच.

स्तेफनाला तेथील जिणें सोसवलें नाहीं. थंडी कडक, अन्न नाहीं, माणसाचें तोंड दिसत नाहीं. तो धाकट्या भावाला तेथेंच सोडून मॉस्कोस गेला. तेथें एका मठांत त्याला मान मिळाला; पुढें तो त्या मठाचा अधिपति व राजाचा आत्मिक सल्लागार झाला. इकडे धाकटा एकटा राहिला. मित्रोफान नांवाच्या एका मठाधिपतीनें अरण्यांत येऊन त्याला मठवाशाची दीक्षा दिली. त्या दिवशीं सर्गियस व बाखस ह्या पुरातन रक्तसाक्ष्यांचा सण होता, म्हणून बर्थलमयाचें नांव सर्गियस ठेविलें गेलें.

ह्यानंतर त्यानें बराच काळ एकट्यानें काढिला. हिवाळ्यांत बर्फ साचे, रात्रीं लांडगे झोंपडीभोंवतीं ओरडत फिरत. एक अस्वल त्याच्या दाराशीं येऊं लागलें. तें भुकेलें आहे असें पाहून सर्गियस आपल्या भाकरीचा तुकडा एका बुंध्यावर ठेवी. पुढें तें रोज येऊं लागलें. कधीं एकच तुकडा असे. तेव्हां तो अस्वलाला देऊन आपण उपाशी राही. त्या मुक्या जनावराला उपास म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, असा त्याचा विचार होता.

हळूहळू लोकांना कळलें. एक आला, दोन आले, असे करितां बारा जण जमले. सर्गियसानें त्यांना आधींच सांगितलें कीं येथें भूक आहे, तहान आहे, मेहनत आहे. तयारी असेल तर राहा. प्रत्येकानें आपली झोंपडी बांधिली. सर्गियस त्यांच्यांत विकत घेतलेल्या गुलामासारखा राबे. तो सर्वांसाठीं लांकडें फोडी, दळण दळी, भाकर भाजी, कपडे व पायतणें शिवी, आणि टेंकडीच्या पायथ्याहून पाण्याच्या दोन घागरी वर आणून प्रत्येकाच्या दाराशीं ठेवी. मठाचा पुढारी व्हावें असें बंधूंनीं विनविलें तेव्हां त्यानें पुष्कळ दिवस नाकारलें. ह्या पदाची इच्छा हीच अधिकारलालसेचें मूळ होय, असें त्याचें म्हणणें होतें. अखेर १३५४ च्या सुमारास बिशप अथनासियस ह्यानें त्याला आज्ञाच केली, तेव्हां आज्ञा मोडतां येईना म्हणून तो मठाधिपति झाला. परतल्यावर पाण्याच्या घागरी त्यानें दुसऱ्या कोणाकडे दिल्या नाहींत.

मठाचें दारिद्र्य मोठें होतें. उपासनेसाठीं मेणबत्त्या नसल्या म्हणजे भूर्ज किंवा देवदाराच्या काटक्या पेटवून त्यांच्या धुरकट उजेडांत वाचन चाले. कागदाचें चामडें मिळत नसे, म्हणून पुस्तकें भूर्जाच्या सालीवर लिहीत. मठाचा एक कडक नियम होता : अन्न नसलें तरी कोणीं गांवांत भीक मागावयास जावयाचें नाहीं. स्वतःच्या हातांनीं कष्ट करावे, आणि देव देईल त्याची वाट पाहावी.

एकदां सर्गियसाला तीन दिवस अन्न मिळालें नाहीं. चवथ्या दिवशीं पहांटेस कुऱ्हाड घेऊन तो दानिएल नांवाच्या एका बंधूकडे गेला. दानिएलाला आपल्या झोंपडीपुढें ओसरी बांधून घ्यावयाची होती, व तो सुताराची वाट पाहत होता. सर्गियसानें तें काम मागितलें. मजुरी म्हणून दानिएलाजवळ चाळणभर बुरसलेली भाकर होती. ती पुरे आहे असें सर्गियसानें सांगितलें, परंतु काम पुरें होईपर्यंत तिला हात लाविला नाहीं. संध्याकाळपर्यंत त्यानें ओंडके कापिले, खांब उभे केले, ओसरी तयार केली. मग प्रार्थना करून ती भाकर पाण्याबरोबर खाल्ली. तोंडांतून बुरशीची धूळ उडतांना बंधूंनीं पाहिली. मठाधिपतीला आपल्या हाताखालच्या बंधूजवळून नुसती भाकर मागतां आली असती. त्यानें ती मजुरी करून मिळविली.

त्याची कीर्ति पसरली, आणि मठ पाहावयास लोक येऊं लागले. अशा एका भेटीची गोष्ट एपिफानियसानें लिहून ठेविली आहे. दूरच्या गांवचा एक शेतकरी त्या थोर पुरुषाचें दर्शन घ्यावें म्हणून वाट तुडवीत आला. सर्गियस कोठें आहेत असें त्यानें विचारलें. बंधूंनीं सांगितलें, ते बागेंत खणीत आहेत, थोडा थांब. शेतकऱ्याला धीर धरवेना. त्यानें कुंपणाच्या फटींतून पाहिलें. आंत एक मनुष्य ठिगळें लाविलेलें जीर्ण वस्त्र नेसून घामाघूम होऊन वाफा खणीत होता. हाच मठाधिपति ही गोष्ट शेतकऱ्याला पटेना. काम आटोपून सर्गियस बाहेर आला, तेव्हां बंधूंनीं बोट दाखविलें. शेतकऱ्यानें तोंड फिरविलें. मी संदेष्ट्याला पाहावयास आलों आणि तुम्ही मला भिकारी दाखवितां, माझी वाट फुकट गेली, असें तो कुरकुरूं लागला.

बंधूंना राग आला व त्यांनीं त्याला घालवून द्यावयाचें ठरविलें. सर्गियसानें त्यांना थांबविलें. तो शेतकऱ्यापुढें गेला, जमिनीपर्यंत वांकून त्याला नमस्कार केला, हात धरून त्याला मेजाजवळ उजव्या बाजूस बसविलें आणि जेवावयास वाढलें. शेतकरी आपलें दुःख सांगतच राहिला, कीं एवढ्या लांब येऊन सर्गियसाची भेट झाली नाहीं. दुःख करूं नकोस, येथून कोणी निराश होऊन जात नाहीं, असें सर्गियसानें त्याला सांगितलें. इतक्यांत एक राजा मोठ्या लवाजम्यासह मठांत आला. शिपायांनीं शेतकऱ्याला ढकलून दूर केलें. राजानें लांबूनच सर्गियसापुढें साष्टांग दंडवत घातला. मग ते दोघे बसून बोलूं लागले व बाकी सर्व उभे राहिले. ज्याच्याजवळ बसावयाला मघाशीं तो कंटाळला होता त्याला पाहण्यासाठीं आतां तो शेतकरी गर्दीभोंवतीं धांवूं लागला. राजाच्या उजवीकडे बसलेला तो कोण, असें त्यानें एकाला विचारलें, तेव्हां त्याचे डोळे उघडले. राजा गेल्यावर तो सर्गियसाच्या पायां पडला. सर्गियसानें त्याला उठविलें व म्हटलें कीं माझ्याविषयींचें खरें मत तुझेंच होतें. बाकीचे फसले आहेत. पुढें हा शेतकरी त्याच मठांत येऊन राहिला.

वाचकहो, सर्गियसाची खरी कसोटी मात्र राजासमोर किंवा शेतकऱ्यासमोर झाली नाहीं. ती उपासनेच्या वेळीं, सख्ख्या भावाच्या तोंडून झाली.

कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क फिलोथियस ह्यानें पत्र पाठवून सल्ला दिला होता कीं मठांतील बंधूंनीं आतां वेगवेगळें न राहतां सर्व कांहीं सामाईक ठेवावें. तोंवर प्रत्येक जण आपल्या झोंपडींत आपलें शिजवून खाई. सर्गियसानें ही नवी रीत सुरू केली. माझें असें कोणीं म्हणावयाचें नाहीं; जेवण एकत्र, काम वांटून. ही गोष्ट सर्वांना रुचली नाहीं. कांहीं निघून गेले, कांहीं राहून धुसफुसूं लागले. दरम्यान थोरला भाऊ स्तेफन मॉस्कोहून परत आला होता.

एका शनिवारीं सायंकाळच्या उपासनेंत सर्गियस वेदीपाशीं होता. स्तेफन गायकांमध्यें उभा होता. गायनाच्या पुढाऱ्याच्या हातांत त्यानें एक पुस्तक पाहिलें, आणि तें तुला कोणीं दिलें असें विचारलें. मठाधिपतींनीं दिलें, असें उत्तर मिळालें. तेव्हां स्तेफन सर्वांच्या देखत रागानें म्हणाला कीं येथें मठाधिपति कोण? ह्या जागेवर पहिला मी बसलों नव्हतों काय? आणखी पुष्कळ तो बोलला. सर्गियसानें वेदीपाशीं उभा असतांना तें सर्व ऐकलें.

पाहा, त्याला काय काय करितां आलें असतें. अधिकार त्याचा होता. बिशपानें त्याला नेमिलें होतें, पेट्रिआर्काचें पत्र त्याच्याजवळ होतें. जो भाऊ तेथील जिणें न सोसून निघून गेला होता, तो आतां पहिलेपणाचा हक्क सांगत होता. सर्गियसानें उत्तर द्यावयास तोंड उघडलें असतें तर अर्धी मंडळी त्याच्या बाजूनें व अर्धी स्तेफनाच्या बाजूनें उभी राहिली असती. त्यानें उपासना शेवटपर्यंत नेली. मग तो आपल्या झोंपडीकडे गेला नाहीं. कोणालाहि न सांगतां, एकटाच, तो मठाबाहेर पडला व अरण्याच्या वाटेस लागला.

वाटेंत एका मित्राच्या मठांत थांबून त्यानें त्या भागाचा माहितगार सोबती मागून घेतला, आणि किर्झाच नदीच्या कांठीं जागा पाहून पुन्हा कुऱ्हाड हातांत घेतली. आतां तो तरुण नव्हता. स्वतः उभारलेला मठ मागें टाकून त्यानें पुन्हा ओंडक्यांपासून आरंभ केला. इकडे बंधु त्याला शोधूं लागले. ठिकाण कळल्यावर एकेक जण त्याच्याकडे जाऊं लागला, आणि तेथेंहि मठ उभा राहिला. मागें राहिलेल्यांना त्याच्यावांचून करमेना. त्यांनीं मॉस्कोस मुख्य बिशप अलेक्सियस ह्याच्याकडे जाऊन विनंति केली. अलेक्सियसानें दोन वडीलधाऱ्या मठाधिपतींना पाठवून सर्गियसाला परत जावयास सांगितलें; त्याला त्रास देणाऱ्यांना मठांतून काढून टाकीन असेंहि कळविलें. सर्गियस परत गेला. चरित्रकार लिहितो कीं बंधु आनंदानें रडत सामोरे आले. कोणी त्याचे हात, कोणी पाय, कोणी वस्त्राचें टोंक चुंबीत होते. त्यानें कोणाला काढून टाकिल्याचें किंवा जुन्या बोलण्याचा जाब विचारल्याचें चरित्रांत कोठेंहि नाहीं. स्तेफनाचा मुलगा लहानपणापासून ह्याच मठांत काकाच्या हाताखालीं वाढला होता; थेओडोर ह्या नांवानें तो पुढें रोस्तोव्हचा मुख्य बिशप झाला. भांडण कायम राहिलें असतें तर त्या मुलाचें काय झालें असतें, हें ज्याच्या त्याच्या मनानें पाहावें.

मिशनकार्याची आवड असणाऱ्या वाचकांनीं आणखी एक भेट लक्षांत ठेवावी. ह्याच काळीं स्तेफन नांवाचा दुसरा एक धर्मसेवक उत्तरेकडील पर्म प्रांतांत झिरियन लोकांमध्यें शुभवर्तमान सांगत होता. त्या लोकांना लिपि नव्हती. त्यानें त्यांच्यासाठीं अक्षरें तयार केलीं व त्यांच्या भाषेंत पवित्र शास्त्रांतील भाग व उपासना उतरविली. एकदां तो घाईनें मॉस्कोकडे जात होता. मठ कांहीं कोसांवर होता, पण वळून जावयास वेळ नव्हता. म्हणून त्यानें वाटेवर उभा राहून मठाच्या दिशेनें वांकून आपल्या बंधूला नमस्कार केला. त्याच घटकेस सर्गियस जेवतां जेवतां उठला आणि वांकून त्यानें नमस्कार परत केला, अशी कथा आहे. तिच्या स्मरणार्थ जेवणाच्या मध्यें उभें राहून प्रार्थना करण्याची चाल त्या मठांत पडली.

अलेक्सियस वृद्ध झाला तेव्हां आपल्या मागें सर्गियसानेंच सर्व रशियाचा मुख्य बिशप व्हावें असें त्याच्या मनांत आलें. त्यानें सर्गियसाला बोलावून रत्नजडित सोन्याचा क्रूस त्याच्या हातीं दिला. मी लहानपणापासून सोनें अंगावर घातलें नाहीं, तर म्हातारपणीं अधिकच दारिद्र्यांत राहावें अशी माझी इच्छा आहे, असें सर्गियसानें नम्रपणें कळविलें. आग्रह झाला तेव्हां त्यानें सुचविलें कीं असें म्हणाल तर मी अशा रानांत जाईन कीं तुम्हांला पुन्हा दिसणार नाहीं. अलेक्सियसानें विषय सोडून दिला. तो १३७८ सालीं वारला. पुढें त्या जागेसाठीं मोठी ओढाताण व कारस्थानें झालीं, त्यावरून ती जागा किती मोहाची होती हें दिसून येतें.

राजकारणांतहि सर्गियसाचें नांव येतें. ८ सप्टेंबर १३८० रोजीं मॉस्कोचा राजा दिमित्री ह्यानें कुलिकोव्हो येथें तार्तार सेनापति ममाई ह्याचा पराभव केला. लढाईस निघण्यापूर्वीं तो सर्गियसाचा आशीर्वाद घ्यावयास आला होता असें चरित्रकार सांगतो, आणि रशियन लोकांना ह्याच गोष्टीचा सर्वांत अभिमान आहे. परंतु १३८२ सालीं तोख्तामिश खानानें येऊन मॉस्को जाळलेंच. ह्याहून मोलाचें वाटतें तें १३८५ सालचें काम. र्‍याझानचा राजा ओलेग व दिमित्री ह्यांच्यांत दीर्घ काळ वैर होतें. दोघेहि ख्रिस्ती, दोघेहि रशियन, आणि दोघांच्याहि वैरांत गांवें जळत होतीं. पुष्कळ मध्यस्थ जाऊन हात हलवीत परत आले. तेव्हां दिमित्रीनें म्हाताऱ्या सर्गियसाला पाठविलें. त्यानें ओलेगाशीं सौम्यपणें बोलून त्याचें मन वळविलें, आणि तह झाला. पुढें ओलेगाच्या मुलाशीं दिमित्रीच्या मुलीचें लग्न झालें. ज्यानें आपल्या घरचें भांडण जागा सोडून मिटविलें होतें, त्याचें बोलणें दोन राजांनीं ऐकलें.

मृत्यूपूर्वीं सहा महिने त्यानें मठाचा कारभार निकोन नांवाच्या शिष्याच्या स्वाधीन केला व तो मौन धरून राहिला. २५ सप्टेंबर १३९२ रोजीं प्रभुभोजन घेऊन त्यानें देह ठेविला. मला मंदिरांत पुरूं नका, बाहेर इतर बंधूंमध्यें पुरा, असें त्यानें सांगून ठेविलें होतें. परंतु बंधूंच्या आग्रहावरून मुख्य बिशपानें त्याला मंदिरांत पुरण्याची परवानगी दिली.

१४०८ सालीं तार्तार सरदार एदिगेई ह्यानें मठ जाळून टाकिला. निकोन व उरलेले बंधु परत आले, त्यांनीं राख झाडली व पुन्हा बांधावयास आरंभ केला. १४२२ सालीं पांढऱ्या दगडाच्या मंदिराचें काम सुरू झालें; आंद्रेई रुब्लेव्ह ह्यानें व त्याच्या सोबत्यांनीं त्यांत चित्रें काढिलीं. अब्राहामाच्या घरीं आलेल्या तीन देवदूतांचें रुब्लेव्हचें जगप्रसिद्ध चित्र शतकानुशतकें येथेंच होतें. १६०८ ते १६१० मध्यें पोलंडच्या बाजूच्या सैन्यानें सुमारें १६ महिने मठाला वेढा घातला, पण तट पडला नाहीं.

परंतु दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे. ज्या मठानें भीक मागावयास बंदी केली होती त्याला राजेरजवाड्यांनीं इतकीं गांवें दिलीं कीं १८ व्या शतकाच्या मध्यास एक लाखाहून अधिक वेठबिगार शेतकरी मठाच्या मालकीचे होते. ज्या शेतकऱ्याला सर्गियसानें हात धरून मेजाजवळ बसविलें, त्याचींच नातवंडें पणतवंडें मठाचे बंदे झालीं. १७६४ सालीं कॅथराईन राणीनें तीं गांवें काढून घेतलीं. १९१९ सालीं नव्या सरकारनें सर्गियसाच्या अस्थींची पेटी उघडली, १९२० सालीं मठ बंद करून तेथें पदार्थसंग्रहालय केलें, १९३० सालीं मोठ्या घंटा खालीं टाकून फोडल्या व गांवाचें नांवहि बदललें. १९४६ सालीं मठांत पुन्हा उपासना सुरू झाली, आणि १९९१ सालीं गांवाला जुनें नांव परत मिळालें.

तट, गांवें, घंटा हीं येतात व जातात. त्या लहान मंदिराच्या दाराशीं लोक येतात ते बागेंत खणणाऱ्या मनुष्यासाठीं. आपल्या लहान लहान मंडळ्यांत वडिलाच्या जागेवरून, गायनाच्या पुस्तकावरून, पहिल्या बांकावर कोणीं बसावें ह्यावरून किती घरें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं आहेत, हें आपण जाणतों. पुष्कळदां भांडणारा प्रत्येक जण खरेंच बोलत असतो; स्तेफनहि त्या टेंकडीवर पहिल्यानें आला होता हें खोटें नव्हतें. ज्या प्रभूनें कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या मागें चालणाऱ्यानें अशा वेळीं काय करावें, हें सर्गियसानें त्या शनिवारीं संध्याकाळीं एक शब्दहि न बोलतां दाखविलें. येत्या रविवारीं मंदिरांत जातांना ज्याच्याशीं आपलें असें बोलणें झालें असेल त्याचें स्मरण करावें, आणि जागा आपली असली तरी एकदां ती त्याला देऊन पाहावी. देव आपणां सर्वांस तें बळ देवो.